शिडीवरचे दोन ठोके

"काका, पाणी गार पडलंय."

धाकटी पंपघराच्या पायऱ्यांवर वाकून उभी होती. खांद्यावर टॉवेल, केसांतून पाणी ठिबकत होतं. शिकवणाऱ्यांत वयाने लहान म्हणून तलावावर सगळे तिला धाकटी म्हणतात; ती तान्ह्या मुलांचा पाण्यातला वर्ग घेते. तिचं काम वर, माझं खाली, त्यामुळे ती सहसा इथे येत नाही. खाली येण्यासारखं काही नाहीच. दोन पंप, गाळणीच्या टाक्या, बॉयलर, क्लोरीनचा वास आणि मी.

मी म्हणालो, गार पडायचं काही कारण नाही, बॉयलर सकाळपासून चालू आहे. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. मग मीही पाहिलं. माझा उजवा हात छोट्या तलावाच्या चावीच्या पिवळ्या दांड्यावर होता आणि दांडा आडवा होता. म्हणजे छोट्या तलावात जाणारं पाणी बंद होतं. वर्ग सुरू झाला तेव्हा मीच ते बंद केलं होतं आणि तसाच बसून राहिलो होतो.

"बंद का केलंत?"

"ठोक्यांची वाट बघत होतो," मी म्हणालो.

"कसले ठोके?"

तिला माहीत नव्हतं. आमच्या हिच्या हाताखाली ती दोन हंगाम शिकली, पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं आहे असं आम्हा दोघांनाही कधी वाटलं नसणार.

मी दांडा पाइपच्या रेषेत आणला. पाणी वर जायला लागलं. मग तिला स्टूल दिलं आणि सगळं सांगितलं.

तान्ह्या मुलांचा हा वर्ग आमच्या हिने सुरू केला. ही आधी बाळंतपणाच्या वॉर्डात परिचारिका होती. जन्मलेलं मूल पहिल्यांदा हिच्याच हातात यायचं. ही म्हणायची, मूल जन्माला येतं ते शिदोरी बांधून येतं. गालाला बोट लावलं की तोंड तिकडे वळवतं. तळहातात बोट दिलं की मूठ मिटतं. डोकं जरा खाली गेलं की दोन्ही हात फाकवतं आणि मग काहीतरी कवटाळायला जातं. पाण्यात पोटावर धरलं तर हातपाय मारतं. तोंडावर पाणी आलं तर श्वास धरतं, गळा मिटून घेतं. यातलं काहीच त्याला कुणी शिकवलेलं नसतं. डॉक्टर लोक त्याला प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. माझी जीभ त्या शब्दावरून घसरते, म्हणून मी आपलं उपजत म्हणायचो. हीसुद्धा मग घरात उपजतच म्हणायला लागली.

शिदोरी सहा महिने पुरते, असं ही सांगायची. कुणाची थोडी आधी संपते, कुणाची थोडी नंतर. तेवढ्यात मुलाने आपलं आपण कमवायला लागायचं.

वर्गाला आईबाप यायचे ते मूल बोलायच्या आधी पोहायला लागेल अशा आशेने. ही पहिल्याच दिवशी त्यांची हवा काढायची. "याला पोहणं म्हणू नका," सांगायची. "गळा मिटतो, तेवढंच. तरी थोडं पाणी पोटात जातंच. तुमची नजर हलली, हात सुटला, तर ही शिदोरी कुणाला वाचवत नाही." एकदा एका बापाने विचारलं, मग एवढी फी भरून आम्ही येतो कशाला? ही म्हणाली, ओळखीला. भीती यायच्या आधी पाण्याची ओळख झालेली बरी. भीती एकदा शहाणी झाली की मग कुणाचं ऐकत नाही.

कित्येक दिवस ती मुलांना नुसती छातीशी धरून पाण्यात फिरवायची. मग एखादं मूल तयार आहे असं वाटलं की त्याच्या तोंडावर हळूच फुंकर घालायची. मुलाने डोळे मिटून श्वास धरला तर उपजत अजून आहे. मग एक बुडी. बुडी म्हणजे काय, पापणी लवते न लवते तेवढा वेळ मूल पाण्याखाली आणि लगेच आईकडे. पण त्या वेळी पाणी निवांत लागायचं. छोट्या तलावाच्या भिंतीतून गरम पाणी आत येतं, त्याने वर बारीक लाटा उठतात. बुडीच्या आधीच एखादी लाट मुलाच्या नाकाशी आली तर सगळं बिनसायचं.

म्हणून ते ठोके. छोट्या तलावाची लोखंडी शिडी जिथे जमिनीत रोवली आहे, तिच्या बरोबर खाली माझं पंपघर. शिडीवर वर ठोकलं की खाली पाइपात घुमतं. शिकवणाऱ्या प्रत्येकाने गळ्यात शिट्टी बांधायची असा तलावाचा नियम आहे. हिच्या गळ्यात जुनी पितळी शिट्टी असायची, पण तान्ही मुलं दचकतात म्हणून तिने ती आयुष्यात फुंकली नाही. ती शिडीवर वाजवायची. एक ठोका म्हणजे पाणी थांबवा. दोन ठोके म्हणजे सोडा.

मी ते कधी पाहिलं नाही. वर्ग चालू असताना पंप सोडून हलायचं नाही हा नियम. एक ठोका आला की मी दांडा आडवा करायचो आणि छताकडे बघत बसायचो. वरचे आवाज बंद व्हायचे. बायकांची कुजबुजसुद्धा थांबायची. मग दोन ठोके. तेवढा वेळ मीही श्वास धरून बसायचो, हे ही गेल्यावर माझ्या लक्षात आलं.

घरी आल्यावर ही कधी म्हणायची, "तुमचं पाणी आलं की मला कळतं. गुडघ्यामागे लागतं." मला वाटलं तक्रार आहे. दुसऱ्या दिवशी मी चावी जरा कमी उघडली. संध्याकाळी ही रुसलेली. "पाणी का मारलंत माझं? होतं तसं सोडा."

ही गेली ती पाण्यात नाही की तलावावर नाही. बाजारातून येताना रस्त्यात खाली बसली, हातात पिशवी तशीच. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. मी पोचलो तेव्हा सगळं झालेलं होतं. मग वर्ग बराच काळ बंद राहिला, आणि धाकटी अशी खाली आली त्या दिवशीच तिने तो पुन्हा सुरू केला होता. पहिल्याच दिवशी खाली माझा हात दांड्यावर गेला आणि आपोआप पाणी बंद झालं. सुरू करायला दोन ठोके हवे होते. ते कुणी दिले नाहीत.

धाकटीने सगळं ऐकलं. मग म्हणाली, "मला वाटायचं ताईंची ती लकब आहे. जिभेने टकटक करतात ना काही लोक, तसं."

"लकबच होती म्हण."

"उद्यापासून मी वाजवते काका." तिने स्वतःच्या गळ्यातली शिट्टी शेजारच्या पाइपवर आपटून पाहिली. प्लास्टिकची होती. ठप्प आवाज आला. आम्ही दोघेही हसलो.

हिची पितळी शिट्टी समोरच खिळ्याला लटकत होती. धाकटीने तिच्याकडे पाहिलं, मागितली नाही. मी खणातून एक छोटा पाना काढून तिच्या हातात दिला. "हा चांगला वाजतो," म्हणालो.

पायऱ्या चढताना ती थांबली. "खेकडीला आणणार होता ना?"

खेकडी म्हणजे माझी नात. हे नाव हिनेच ठेवलं. दवाखान्यात पहिल्या दिवशी पोरीने आजीचं बोट धरलं ते सोडेना. ही म्हणाली, ही पोरगी नाही, खेकडी आहे. माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, चौथा महिना लागला की हिला मी पाण्यात घेणार. खालून तुम्ही पाणी धरा." इतकी मुलं तिच्या हातून पाण्यात गेली, पण 'पाणी धरा' असं मला तिने त्याआधी कधी तोंडाने सांगितलं नव्हतं. ठोकाच असायचा. त्यामुळे ते लक्षात राहिलं. नंतर महिन्याभरातच ही गेली.

मी धाकटीला म्हणालो, लेक तयार नाही.

"विचारा परत. पाचवा लागला असेल ना तिला? उपजत गेलं की मी बुडी देणार नाही काका. ताईंचाच नियम आहे, तुम्ही म्हणालात तरी नाही."

लेकीचं घर तलावापासून जवळ आहे. काम संपलं की मी तिकडेच जातो. रिकाम्या घरी जायचं तेवढंच पुढे ढकललं जातं. लेकीला ते कळतं. चहाचा कप पुढे ठेवते आणि खेकडीला माझ्या मांडीत देते. मी बोट पुढे करतो, खेकडी मूठ मिटते. हा आमचा रोजचा नमस्कार.

त्या संध्याकाळी मी विषय काढला. लेक कपड्यांच्या घड्या घालत होती. मान वर न करता म्हणाली, तिला त्या तलावावर पाय ठेवायचा नाही. मी म्हणालो, एकदाच. ती म्हणाली, एकदाही नाही. मग मी दिवस निघून चालल्याचं सांगितलं. सहा महिने भरले की उपजत जाईल, मग धाकटी नाही म्हणेल, आणि हिने सांगितलेलं राहून जाईल.

लेकीने हातातलं झबलं खाली ठेवलं. "राहून तर गेलंच आहे बाबा. आईने गावभरच्या पोरांना पाण्यात घेतलं. माझीच राहिली."

मी ते झबलं उचलून त्याची घडी घालायला लागलो.

"आणि तिचे हात होते ते," ती म्हणाली. "मी हिला टबात धरते तरी माझे हात थरथरतात. तुम्हाला माहीत नाही, आंघोळ हे घालतात."

हे म्हणजे जावई. तो कोपऱ्यात मोबाइलवर काहीतरी वाचत होता. हिशेब तपासणीचं काम करतो, कुठलीही गोष्ट वाचल्याशिवाय त्याला खरी वाटत नाही. तो म्हणाला, याच्यातही सहा महिनेच लिहिलंय. मग जरा घसा खाकरून म्हणाला, "मी उतरू का पाण्यात हिला घेऊन?"

"तुम्ही तिला फाइल धरल्यासारखी धरता," लेक म्हणाली. "एक कागद खाली पडेल म्हणून सारखं बघत असता."

जावई हसला. लेकही हसली, पण उठून आत गेली. विषय तिथेच संपला.

मी मागे लागलो नाही. पुढे खेकडीला सर्दी झाली, ती उतरते न उतरते तोच ताप आला. त्यात आठवडे गेले. वर धाकटीचा वर्ग चालू होता. पान्याचा एक ठोका यायचा, मी दांडा आडवा करायचो. दोन ठोके यायचे, मी सोडायचो. पान्याचा आवाज शिट्टीपेक्षा जाड होता. कुणाच्या तरी मुलाची बुडी झाली, एवढं कळायचं. पहिल्यासारखं चालू झालं असं लोक म्हणत होते. ते खरंही होतं. तरी प्रत्येक ठोक्याला मला वाटायचं, आणखी एक पुढे गेलं, आपलं अजून उभंच आहे. मला नक्की काय हवं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. हिने जे सांगून ठेवलं ते एकदा व्हावं. वर खेकडी असावी, खाली मी असावं आणि मधे ते पाणी धरावं. हिच्यासाठी करण्यासारखं तेवढं एकच काम माझ्याकडे उरलं होतं. आणि त्याला मुदत होती.

एका संध्याकाळी मी नेहमीसारखं बोट पुढे केलं. खेकडीने धरलं नाही. बोट तिच्या तळहाताला लागलं तरी मूठ मिटली नाही. तिने बोटाकडे पाहिलं. मग मान वर करून माझ्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. जणू हे बोट कुणाचं याची खात्री करून घेत होती. आणि मग धरलं.

मी मनात म्हटलं, चाललं. हातातलं गेलं म्हणजे गळ्यातलंही चाललं असेल.

लेक दारात उभी राहून बघत होती. तिनेही पाहिलं होतं. जवळ येऊन बसली आणि खेकडीच्या मुठीवरून हात फिरवत राहिली.

"आई सांगायची बाबा. आधी हात धरतो, मग मूल धरतं."

"मला नाही कधी सांगितलं."

"तुम्हाला कसं सांगेल? मला सांगितलं, हिच्या वेळी, दवाखान्यात." मग म्हणाली, "उद्या येते मी. वर्ग सुटल्यावर. बाकीच्या बायका नकोत."

दुसऱ्या दिवशी मी छोट्या तलावाची गाळणी पहाटेच धुऊन ठेवली. तापमापक दोनदा पाहिला. बत्तीस अंश. इतकी वर्षं तो बत्तीसवरच ठेवला आहे. मोठ्या तलावात लोक कुडकुडत उतरतात, पण तान्ह्या मुलांना तेवढं लागतंच.

लेक आली ती आधी खाली पंपघरात. खेकडी कडेवर, मागे जावई टॉवेलांची थप्पी घेऊन. लेकीने सगळीकडे नजर फिरवली. लहानपणी थंडीच्या दिवसांत ती इथेच गृहपाठ करायची, बॉयलरच्या उबेला. तिचं ते बुटकं स्टूल अजून आहे. मी त्यावर तेलाचा डबा ठेवतो. तिने डबा उचलून खाली ठेवला, स्टूल पुसलं, बसली मात्र नाही.

खिळ्याची शिट्टी काढून मी तिच्यापुढे धरली. म्हणालो, पाना नको, या शिट्टीनेच वाजव. तिने ती गळ्यात घातली. खेकडीने लगेच ती तोंडात घालायला पाहिली.

"इथे मीच असतो," मी तिला म्हणालो. "तू घाबरू नको. एक ठोका दे, मी पाणी थांबवतो. झालं की दोन."

"माहितीये बाबा," लेक म्हणाली. "मी खाली बसून ऐकलेत ते. तुम्ही छताकडे बघायचात आणि मी तुमच्याकडे."

ते तिघं वर गेले. मी दांड्यापाशी उभा राहिलो. वर पावलं ऐकू आली, धाकटीचा आवाज, शिडीवरून कुणीतरी पाण्यात उतरल्याचा आवाज. मग बराच वेळ नुसतं पाणी हलत होतं. धाकटी घाई करणारी नाही. तिला चांगलं शिकवलं आहे.

मग ठोका आला. पितळेचा, बारीक. पान्यासारखा नाही. मी दांडा आडवा केला.

वर शांत झालं. मी छताकडे बघत राहिलो.

दोन ठोके आले नाहीत. मी थांबलो. एरवी ज्या वेळेत बुडी होऊन, मूल रडून, शांतही होतं, तेवढा वेळ गेला. तरी काही नाही. रडणं नाही, धावपळ नाही, ठोके नाहीत. वर जावं का? वर्ग चालू असताना पंप सोडायचा नाही. पण हा वर्ग नव्हता. तेवढ्यात वरून आवाज आला. कुणीतरी हसलं. लहान मुलाचं हसणं होतं, उचकी लागल्यासारखं. मग पुन्हा. आणि ठोके नाहीतच.

मी पायऱ्या चढून वर गेलो.

पाणी आरशासारखं होतं. त्यात मधोमध लेक उभी होती, कंबरेएवढ्या पाण्यात, खेकडीला दोन्ही हातांनी धरून. धाकटी समोर. जावई काठावर टॉवेल हातावर टाकून हॉटेलातल्या वाढप्यासारखा उभा. खेकडी पाय मारत होती आणि हसत होती. लेकीचे डोळे भरलेले होते.

धाकटीने मला सांगितलं. तिने तीन वेळा फुंकर घालून पाहिली. पहिल्या वेळी खेकडीने नुसत्या पापण्या मिटल्या, श्वास चालूच. दुसऱ्या वेळी तोंड उघडून हसली. तिसऱ्या वेळी तिने ओठ पुढे काढले आणि थुंकी उडवत धाकटीच्याच तोंडावर उलटी फुंकर मारली. "गेलं काका," ती हलकेच म्हणाली. "मी बुडी देत नाही."

"उशीर केला मी," लेक म्हणाली. "बाबा, मी उशीर केला."

मला काहीतरी बोलायला हवं होतं. अशा वेळी ही बोलायची, मी मागे उभा असायचो. माझ्या तोंडून निघालं, "पाणी बंद आहे. गार पडेल."

लेक माझ्याकडे बघत राहिली आणि रडता रडता हसली. "तेवढं एक तुम्हाला सुचणारच," म्हणाली. मग तिने खेकडीकडे पाहिलं, स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "पण हात नाही थरथरले बाबा. बघितलंत? एवढा वेळ धरलंय मी हिला."

मी म्हणालो, बघितलं.

धाकटी म्हणाली, बुडी गेली म्हणून पाणी गेलं नाही. उपजत होतं ते संपलं, आता शिकवायचं. त्याला वेळ लागतो, पण रस्ता तोच आहे. पहिल्यांदा पाण्यात फुंकर मारायला शिकवायची, ती तर हिला येतेच. फक्त एक धरणारं माणूस हवं आणि एक समोर हवं, ज्याचं बघून ही करेल. "तोंड रोजच्या ओळखीचं लागतं. माझं नाही चालणार. अजून ही मला बघून चेष्टा करते."

लेक माझ्याकडे वळली. "तुम्ही उतरा."

मी म्हणालो, मला पोहता येत नाही. हे सगळ्यांना माहीत होतं, तरी म्हणालो. ही आयुष्यभर त्यावरून हसायची, हलवायाच्या घरात गोड वर्ज्य म्हणून. मी म्हणायचो, घरात एक ओलं माणूस आहे तेवढं पुरे.

"पोहायचं कुणी म्हटलंय? कंबरेएवढं आहे."

"पोहण्याच्या पोशाखाशिवाय उतरता येत नाही," मी म्हणालो. समोरच पाटी होती. ती रंगवली पण मीच.

आता जावई पुढे झाला. त्याने टॉवेलांच्या थप्पीतून पोहण्याची एक चड्डी काढली, नवीकोरी, चिठ्ठी अजून लावलेली. स्वतःसाठी आणली होती. कुणी उतर म्हणेल या आशेने. त्याने ती मला दिली, आणि त्याचं तोंड जरासं उतरलं ते मला दिसलं. मी म्हणालो, उद्या तुम्ही. तो म्हणाला, "आधी तुम्ही, बाबा." चड्डी मला सैल झाली. नाडी आवळून दुहेरी गाठ मारली, आणि तरीही एका हाताने ती धरूनच मी शिडीपाशी गेलो.

शिडीच्या तिसऱ्या पायरीवर पाऊल पाण्यात गेलं.

बत्तीस अंश मी हजारदा पाहिलं असेल. काचेत पाऱ्याची रेघ. कमी झालं की बॉयलर वाढवायचा, जास्त झालं की उतरवायचा. ते अंगाला कसं लागतं हे मला ठाऊक नव्हतं. गरम नव्हतं, गारही नव्हतं. आत गेल्यावर अंग कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. ही रोज यात उभी असायची. घरी यायची तेव्हा तिच्या बोटांना सुरकुत्या पडलेल्या असायच्या, आणि मी विचारायचो, दमलीस का. ती नाही म्हणायची. मला ते खोटं वाटायचं.

लेकीने खेकडी माझ्याकडे दिली. धाकटीने माझे हात नीट करून दिले, एक काखेखाली, एक मांडीखाली. मग लेकीने गळ्यातली शिट्टी काढून माझ्या गळ्यात घातली.

"पाण्याचं मी बघते," ती म्हणाली. "पिवळा दांडा, पाइपच्या रेषेत. तुम्ही ठोके द्या."

ओल्या पावलांनी ती खाली गेली. पायऱ्यांवरून तिची पावलं ऐकू येत होती. आजवर मी ती खालून ऐकायचो.

धाकटी बाजूला झाली. खेकडी माझ्याकडे बघत होती. एवढ्या पाण्यात मला तिने पहिल्यांदाच पाहिलं, त्यामुळे जरा संशयाने बघत होती. कधीकधी मी फार घोरायला लागलो की आमची ही माझ्या तोंडावर हलकेच फुंकर घालायची. माझा श्वास क्षणभर थांबायचा, घोरणंही थांबायचं. सकाळी सांगायची, तुमचं अजून गेलेलं नाही हं, एवढे म्हातारे झालात तरी. ती गेल्यापासून मी कसा घोरतो ते मला माहीत नाही.

मी ओठ पुढे काढून पाण्यावर फुंकर मारली, धाकटीने सांगितली तशी. खेकडीने माझ्या ओठांकडे पाहिलं. पाण्याकडे पाहिलं. मग दोन्ही हातांनी माझे गाल धरले आणि तोंडावर फुंकर घातली. थुंकी उडाली.

माझा श्वास थांबला.

धाकटी हसून म्हणाली, "काका, डोळे उघडा."

मी उघडले. खेकडीला छातीशी घेतलं, एका हाताने शिट्टी धरली आणि शिडीवर दोन ठोके दिले.

क्षणभर काहीच झालं नाही. खाली पाइपात घुमल्याचं मला ऐकू आलं नाही, ते वर ऐकू येत नाही. मग भिंतीशी पाणी जरासं फुगलं, बारीक लाटा निघाल्या. आणि ते आलं. गुडघ्यामागे लागलं.